ठकीची उजवी बाजू

सुमनने आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे कुत्रीच्या अंगातली कुसळं काढणं. संध्याकाळची वेळ होती. गॅलरीत चटई टाकलेली. मी ठकीचं डोकं मांडीवर धरून बसलेलो आणि सुमन, चष्मा पार नाकाच्या शेंड्यावर आणून, चिमट्याने एकेक कुसळ ओढत होती. बोटांना खोबरेल लावलेलं, म्हणजे केस ओढले जात नाहीत. शेजारी स्टीलच्या वाटीत पाणी. कुसळ पाण्यात पडलं की वळायला लागतं. ज्याने बघितलं नाही त्याला सांगून पटायचं नाही. वाळकी काडी ती, पण ओली झाली की तिचा पीळ सुटतो आणि ती हळूहळू गिरकी घेते, आत घुसायला जागा शोधल्यासारखी.

"बघा, अजून चावायला बघतंय," सुमन म्हणाली.

"तूच बघ. मला दिसत नाही." माझ्या डोळ्यांत तेव्हाच धूर भरल्यासारखं व्हायला लागलेलं.

"तुम्हाला आयुष्यात कधी काय दिसलं?"

डावी बाजू झाली तशी ठकी कंटाळली. मांडीतून डोकं सोडवून घेतलं, अंग झाडलं आणि घरात पंख्याखाली जाऊन पसरली. सुमनने चिमटा पदराला पुसला. "राहू दे. उजवी बाजू उद्या सकाळी काढू. पळून कुठं जातेय?" मी वाटी ओतायला उचलली तर म्हणाली, "असू दे तिथंच. उद्या लागेलच की." मग मेथी निवडली, भाकरी झाली, टीव्ही बघितला. त्यात लक्षात ठेवण्यासारखं काही नव्हतं.

यंदा पुन्हा ते दिवस आलेत. दिवाळी आटपली, कल्याणच्या पलीकडची भातं कापून झाली. सकाळी अंगावर काहीतरी घ्यावंसं वाटतं आणि दुपारी ऊन डोकं फिरवतं. नदीकडचं गवत आधी तांबूस होतं, मग पिवळं पडतं, मग त्याची टोकं एकमेकांत गुंततात. न विंचरलेल्या पोरीच्या केसांसारखं दिसतं. लोक गाड्या थांबवून त्यात उभे राहून फोटो काढतात. सोनेरी गवत म्हणे. त्यांनी एकदा त्यातून केसाळ कुत्रं फिरवून आणावं आणि मग बोलावं.

कुसळाचं टोक सुईसारखं असतं आणि मागे बारीक उलटे केस. आत जातं, बाहेर येत नाही. पंजाच्या बेचकीत, काखेत, कानात, शेपटीच्या बुडाशी. दोन दिवस राहिलं तर कातडीत शिरतं, मग तिथं गाठ होते, पू होतो, आणि मग डॉक्टर चिरतो. ठकी काळी-पांढरी आहे. पांढऱ्यावर दिसतं तरी. काळ्यात बोटानेच हुडकावं लागतं, आणि माझी बोटं म्हणजे सुताच्या खात्यात आयुष्यभर ॲसिडच्या वाफेत राहिलेली. त्यांना गरम-गार कळतं तेच पुष्कळ.

गेल्या आठवड्यात एक राहिलं. पुढच्या उजव्या पंजात. ती चाटत होती, मला वाटलं खाज आली असेल. तिसऱ्या दिवशी पाय टेकेना. डॉक्टरने चिरून काढलं, पट्टी बांधली, आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच ते आत घातलं. म्हात्रेवहिनी शेजारच्या, जिन्यात भेटल्या. त्यांच्या पोटात काही राहत नाही. संध्याकाळी बंगलोरहून नितीनचा फोन.

"बाबा, तुमच्याने आता होत नाही. मान्य करा."

"मी कुठं काय म्हटलं?"

"माझ्या एका मित्राचं मुरबाडच्या पुढे शेळ्यांचं फार्म आहे. मोकळी जागा आहे. माणसं आहेत. शेळ्या आहेत बाबा, शेळ्या! तिला जे करायला जन्माला घातलंय ते तिला करायला मिळेल. रविवारी गाडी घेऊन येतो मी."

मी हो म्हटलं. माझ्या आवाजात काही कमी-जास्त झालं नाही, फोन ठेवून दिला. पोरगा चुकीचं बोलला असता तर चार शिव्या घातल्या असत्या, हलकं वाटलं असतं. तो बरोबर बोलला, त्याला काय करणार? मी तर आता नाक्यापर्यंत जाऊन दूध आणलं तरी गुडघा दिवसभर आठवण देतो. आणि ही जात धावायची. दोन-दोन तास धावून आली तरी दारात उभी राहून, आता पुढचं काम काय, असं विचारणारी.

आणली त्यानेच होती. लॉकडाऊनमध्ये डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये दोघं नवरा-बायको घरून काम करायचे, कंटाळायचे, म्हणून फोनवर बघून पिल्लू घेतलं. बॉर्डर कॉली. विलायतेत डोंगरावर मेंढरं वळणारी जात. हुशार म्हणून घेतलं. हुशार जनावराला हुशारी कुठं वापरायची तेही लागतं, हे फोनवर लिहिलेलं नसावं. काम नाही म्हणून तिने सोफ्याचं पोट फाडलं, भिंतीचा कोपरा कुरतडला, पंख्याच्या सावलीमागे तासन्‌तास गोल-गोल फिरली. मग ऑफिसं उघडली, बंगलोरला बदली झाली, आणि एका सकाळी कुत्री, तिचं खाणं आणि एक मऊ गादी आमच्या शहाडच्या दारात. "आई, दोनच महिने." तिचं कागदावर काहीतरी इंग्रजी नाव होतं. सुमनने ते त्याच दिवशी मोडीत काढलं आणि ठकी ठेवलं. दोन महिने कधीच संपले नाहीत, आणि संपावेत म्हणून सुमनने कधी फोनही केला नाही.

मी विरोधात होतो. सांगून ठेवतो, म्हणजे कोणी मला कुत्र्यांचा फार लळा वगैरे समजू नये. घरभर केस, डाळीत केस, देवाच्या वातीत केस. उन्हाळ्यात तिच्यासाठी गोणपाट ओलं करून गॅलरीत टाकायचं, पहाटे चार वाजता उठून फिरवायची, कारण नंतर डांबर तापतं आणि पंजे भाजतात. ह्या वयात मला कोण असं सांभाळतं? मी एकदा बोललोही. सुमन म्हणाली, "तुम्ही शेपूट हलवा, तुम्हालाही सांभाळते."

पण सुमनला एक कळलं जे त्या दोघांना कळलं नव्हतं. ह्या जनावराला लाड नको, काम हवं. तिने कामं काढली. "ठकी, लाटणं आण." लाटणं आणायची. "ठकी, ह्यांचा चष्मा." आणायची, लाळेसकट. जेवायच्या वेळी सुमन नुसतं "चला" म्हणाली की ठकी मला पलंगावरून उठवायची. गुरगुर नाही, भुंकणं नाही, नुसतं मागून गुडघ्याला नाकाने ढकलायचं. नातेवाईक आले की एक हॉलमध्ये, एक गॅलरीत, एक मोरीत हात धुतोय, असं तिला चालायचं नाही. फेऱ्या मारून-मारून सगळ्यांना स्वयंपाकघरात आणून उभं करायची आणि मग दारात आडवी पडायची. आता कोणी बाहेर जायचं नाही. सुमनला हसू आवरायचं नाही. "ह्या घरात सगळ्यांना एका जागी बसवणारं एकच माणूस आहे," म्हणायची.

सोसायटीत मात्र वनवास. खाली पोरं खेळायला लागली की ही त्यांना वळायला जायची. पळणाऱ्या पोराच्या टाचेला दात लावायची, चावायची नाही, फक्त लावायची. पण आई-बापांना तो फरक कोण समजावणार? बोर्डावर नोटीस लागली. सेक्रेटरी वर आला. "आजी, कुत्रं ठेवायचं तर साधं ठेवा ना. हे मेंटल आहे."

सुमन म्हणाली, "तुझी पोरं रात्री साडेदहाला पार्किंगमध्ये एकटी असतात. ती त्यांना गोळा करून घराकडे आणत होती. तू मेंटल की ती?"

आणि नितीनने जेव्हा पहिल्यांदा म्हटलं की ठकीला कुठंतरी देऊ, तेव्हा सुमन फोनवर एवढंच बोलली, "मी मेल्यावर काय ते करा." आता मेली. झालं. रस्ता मोकळा झाला.

ह्याच दिवसांत, तिच्या जायच्या आदल्या वर्षी, आम्ही टिटवाळ्याच्या अलीकडे गेलेलो. दर वर्षी भातं कापून झाली की घाटावरचे मेंढके मेंढरं घेऊन खाली उतरतात, आणि शेतकरी त्यांना आपल्या मोकळ्या शेतात मेंढरं बसवायला सांगतात. रात्रभर बसली की लेंडीचं खत आपोआप. आमच्या माण तालुक्यातलीच माणसं असतात ती. सुमनच्या डोक्यात भरलं, ठकीला एकदा मेंढरं दाखवायची. रिक्षावाला कुत्रीला बघून नाही म्हणाला, दुसऱ्याने मीटरवर जास्त सांगितलं. गेलो.

ठकीने आयुष्यात मेंढरू बघितलेलं नव्हतं. बांधावर पोचलो तशी ती थांबली. डोकं खाली, पाठ सपाट, पुढचा एक पाय उचललेला, तो तसाच हवेत. मी तिला रोज बघत होतो, पण ती कुत्री मी कधी बघितलेली नव्हती. डोळे असे लावलेले, की मला स्वतःला भीती वाटली. आणि सुमनने, मला न विचारता, पट्टा सोडला.

सरळ गेली नाही. लांबून वळसा घेतला, शेताच्या कडेकडेने, पोट जमिनीला घासत. पांगलेली मेंढरं हळूहळू आत यायला लागली. एक इकडून, दोन तिकडून. कोणी शिकवलं तिला? बघता-बघता सगळा कळप शेताच्या मधोमध घट्ट, लोकरीचा एक गोळा. सुमनने माझा दंड धरलेला. लग्नात धरला नसेल असा.

तेवढ्यात मेंढका काठी घेऊन धावत आला. "अय म्हातारे! आवर तुझं कुत्रं! गाभण मेंढ्या हायती, टाकतील की पोटातलं!"

सुमनने शीळ घातली. ठकी जागच्या जागी बसली, तशीच, बाणासारखी. मेंढक्याचा राग निम्मा तिथेच उतरला. मग गाव विचारलं, मग दोघांच्या ओळखीतले पाहुणे निघाले, मग चहा. त्याची दोन कुत्री लांब उभी राहून ठकीकडे तुच्छतेने बघत होती. काटक, आडदांड, कान फाटलेली.

"आमचं कुत्रं राखतं," मेंढका म्हणाला. "लांडगा आला, चोर आला, तर धरतं. मेंढरं वळायला मी हाय की. माझा आवाज वळखत्यात ती. वळायचं पण कुत्र्यानंच केलं तर मी काय करू? शहरात जाऊ?"

"आम्ही गेलो की," सुमन म्हणाली.

तो हसला. मीही हसलो. पण परत येताना रिक्षात मला ते लागत राहिलं. एवढं अंगात घेऊन जन्माला आलेली कुत्री, आणि तिच्या कामाची इथं कोणाला गरजच नाही. घाटावरून खाली आलेल्या मेंढक्यालाही नाही. मी चौथी शिकून कंपनीत लागलो. धागा तुटायच्या आधी मला आवाजावरून कळायचं कुठली चाती बिघडणार. खातं बंद झालं त्या दिवसापासून ते माझ्या कानात पडून आहे, कोणी मागायला आलं नाही. सुमनला मी हे बोललो नाही. ठकी आमच्या दोघांच्या मधे बसलेली, जीभ बाहेर, अंगभर कुसळं, आणि इतकी खूष की तिचं अंग कापत होतं. घरी येऊन काढता-काढता आमची जेवणं थंड झाली.

तो नदीकडचा माळ, जिथं आम्ही तिला रोज सोडायचो, त्याला पावसाळ्याआधी निळे पत्रे लागले. पत्र्यांवर चित्र काढलंय. हिरवळ, झाडं, आणि पळणारं एक कुत्रं. आता मी ठकीला पत्र्यांच्या बाहेरून नेतो. तिथं गटाराच्या कडेला उरलंय तेवढंच गवत, आणि सगळी कुसळं तिथंच. पळायला जागा नाही, टोचायला आहे. ती पत्र्याच्या फटीला नाक लावून उभी राहते. मी पट्टा ओढतो. ती माझ्याकडे बघते. मी शिव्या देतो, बांधणाऱ्याला, नितीनला, सुमनला पण देतो. ती ऐकून घेते आणि चालायला लागते.

म्हणून जाऊ दे. शेळ्या असतील तर शेळ्या. म्हात्रेवहिनी मला म्हणाल्या, "दादा, नको देव ना. तुमाला तरी कोन हाय दुसरा?" मी त्यांना म्हटलं, "मला कोणी नाही म्हणून तिने गॅलरीत कुजायचं का?" त्या रागावून आत गेल्या. दुपारी वाटीत कोलंबीचं कालवण पाठवलं, ठकीसाठी वेगळे बिनतिखटाचे तुकडे.

एक मात्र ठरवलंय. रविवारी गाडी यायच्या आधी मी ठकीला गॅलरीत घेऊन बसणार. उन्हात, दिसेल तसं, नाही दिसलं तर बोटाने, बोटाला नाही कळलं तर गालाने. गालाला कळतं, हे मला ह्या वर्षीच समजलं. डावी बाजू, उजवी बाजू, चारही पंजे, कान. अर्धवट ठेवून मी तिला कोणाच्या गाडीत घालणार नाही. नितीनला घाई असेल. थांबेल. त्याने एकदा आधी मला असं बसलेलं बघितलंय आणि तेव्हा त्याला लाज वाटलेली. ती सकाळ पण सांगून टाकतो.

आमच्याकडे पाणी पहाटे येतं. सुमन पिंप भरायला उठली. मला नळाचा आवाज येत होता, नेहमीचा. मग पिंपाचा आवाज बदलायला हवा होता, भरत आलं की बदलतो तसा, तो बदललाच नाही. पाणी बाहेर सांडल्याचा आवाज आला. ठकी आधी पोचली. मी गेलो तर नळी जमिनीवर, सुमन पिंपाला टेकून बसलेली, आणि ठकी तिच्या गुडघ्याला नाकाने ढकलतेय. ऊठ. चल. आता पुढचं काम काय.

रिक्षा, दवाखाना, डॉक्टर, सही. त्यात सांगण्यासारखं काही नाही. ऊन वर यायच्या आत तिला परत घरी आणली. नितीन मुंबईला मीटिंगसाठी आलेला, तो तडक निघाला. हॉलमध्ये सतरंजी, बायका जमलेल्या, पुरुष जिन्यात मोबाईलवर बोलत उभे. आणि ठकीचं काम सुरू. जिन्यातल्या पुरुषांना आत आणायची, गॅलरीतल्यांना हॉलमध्ये, मग सगळ्यांच्या भोवती एक फेरी, मग सुमनजवळ जाऊन तिच्या पायाला नाक, मग पुन्हा फेरी. सगळे आलेत, ही एकटीच का उठत नाही? कोणीतरी तिला लाथ घातली. कोणीतरी म्हणालं, शिवाशिव होतेय, बांधा तिला. गॅलरीत बांधली. ती रडायला लागली. कुत्री रडली की अपशकुन म्हणून पुन्हा गलका.

मी उठून गॅलरीत गेलो. दार ओढून घेतलं.

चटई तशीच होती. खोबरेलाची बाटली तशीच. वाटीतल्या पाण्यात कालची कुसळं तळाला बसलेली, वळायची थांबलेली. मी बसलो. ठकीने डोकं माझ्या मांडीवर ठेवलं, पण काल ठेवलेलं तसं नाही, उलट्या अंगाने, उजवी बाजू वर करून. मला चिमटा सापडेना. मग आठवलं, तो तिच्या पदरात राहिला असणार. मी नखांनी सुरू केलं. दिसत नव्हतं. त्या वेळी तर अजिबात नव्हतं. एक काढलं, एक अर्धं तुटलं, पुन्हा काढलं. ठकी एकदाही हलली नाही.

म्हात्रेवहिनींनी दार उघडून बघितलं. "दादा, ही काय येल हाय का कुत्री घेवून बसाची? लोका काय बोलतीन?" मी पुढचं कुसळ हुडकायला लागलो. त्यांच्या मागे नितीन, नुकताच पोचलेला, बॅग अजून खांद्यावर.

"बाबा! हे आत्ता? आई तिकडे..."

"तिने डावी बाजू केलीय," मी म्हटलं. "ही राहिलेली."

तो तिथंच उभा राहिला आणि मग तोंड फिरवून आत गेला. मी पोटाखालची काढली, काखेतली काढली, मग पंजे, बेचकी उघडून-उघडून. शेवटचं वाटीत टाकलं. ते वळायला लागलं. थांबेपर्यंत बघत बसलो. मग वाटी मोरीत ओतली, राखेने घासली, धुतली आणि रॅकवर तिच्या जागी पालथी घातली. आत बायका म्हणत होत्या, चला आता, तिला पाणी घालायचंय. पिंप अर्धं भरलेलं होतं. मी त्यातूनच एक कळशी भरून घेतली आणि गेलो.